लहान मुलांना घेऊन नोव्हेंबरात स्पेन: शहरं नंतर ठरवा, आधी दुपार ठरवा

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: नवरा-बायको, सात वर्षांचा मुलगा, तीन वर्षांची मुलगी आणि सासूबाई, वय ६६, गुडघे दुखतात. ५ नोव्हेंबरला रात्री मुंबईहून निघून १८ला परत यायचं. सगळे शाकाहारी, अंडं चालतं. यादीत बार्सिलोना, वालेन्सिया, ग्रानादा, कोर्दोबा, सेव्हिल, तोलेदो, माद्रिद आणि जमलंच तर इबिझा. कुठे किती दिवस द्यायचे आणि गाडी घ्यायची की रेल्वेनं फिरायचं, असं त्यांनी विचारलंय.

ताई, मी गेली पंधरा वर्षं पुण्यातून कुटुंबांच्या परदेश सहली आखून देते आणि स्वतःच्या मुलीला घेऊन दोनदा स्पेन फिरले आहे. तुमची यादी चुकीची नाही, सगळी गावं पाहण्यासारखीच आहेत. पण लहान मुलं बरोबर असताना स्पेनची सहल शहरांच्या संख्येवरून बिघडते त्याहून जास्त घड्याळावरून बिघडते. म्हणून आधी एक दिवस कसा जाईल ते बघू. तो बसला की शहरं आपोआप तीनवर येतात.

नोव्हेंबरात स्पेनचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथे घड्याळं एक तास मागे करतात, त्याआधी हा फरक साडेतीन तासांचा असतो. तुमची मुलं घरी सकाळी सातला उठत असतील, तर तिथे पहिल्या दोन-तीन दिवशी अडीच-तीनला टक्क जागी होतील. रात्री साडेनऊची झोप संध्याकाळी पाचलाच येऊ लागेल. बार्सिलोनात त्या आठवड्यात सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी साडेपाच-पावणेसहाला मावळतो. आता याच्या शेजारी स्पॅनिश लोकांची वेळ ठेवून बघा. दुपारचं जेवण दोन ते चार. मग बहुतेक रेस्टॉरंटांची स्वयंपाकघरं बंद. रात्रीचं जेवण साडेआठ-नऊच्या आधी नाही. म्हणजे तुमची मुलं भुकेनं आणि झोपेनं रडकुंडीला आलेली असतील नेमक्या त्याच वेळी गावात गरम अन्न मिळणं अवघड.

माझी मुलगी चार वर्षांची असताना सेव्हिलमध्ये संध्याकाळी साडेसहाला आम्ही एका गल्लीत ओळीनं पाच दारं ठोठावली. सगळीकडे टेबलं मांडलेली, दिवे लागलेले, पण चूल बंद. शेवटी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पाव भाजून दिला, वर टोमॅटो किसून घातला, ऑलिव्ह तेलाची धार सोडली, मीठ भुरभुरलं. तिनं तो उभ्याउभ्याच खाल्ला आणि माझ्या खांद्यावर झोपली. तेव्हापासून लहान मुलांच्या घरासाठी स्पेनचा आराखडा करताना मी पहिला मुक्काम स्वयंपाकघर असलेल्या अपार्टमेंटमध्येच घेते.

पहिले तीन दिवस घड्याळाशी भांडू नका. मुलं पहाटे उठली की उपमा-दूध खाऊन आठ-साडेआठला बाहेर पडा. सगळीकडे सकाळची पहिली वेळ घ्या, गर्दी कमी असते. एक-दीडला जेवून खोलीवर या आणि मुलांना तास-दीड तासच झोपू द्या, तीन तास नाही. चारला उजेडात बागेत न्या आणि साडेसहाला घरी वरण-भात. चौथ्या-पाचव्या दिवशी शरीर सरकतं. मग खरी स्पॅनिश दिनचर्या धरा: दोनला पोटभर जेवण, मग सगळ्यांनी आडवं व्हायचं, पाचला पुन्हा बाहेर. संध्याकाळच्या भुकेला तिथे ‘मेरिएंदा’ म्हणतात, आपलं चार वाजताचं खाणंच ते. शाळेतून सुटलेली पोरं हातात पाव नाहीतर बिस्कीट घेऊन चौकात खेळत असतात. रात्री नऊला त्याच चौकात फुटबॉल चालू असतो, आणि तुमचा सात वर्षांचा मुलगा भाषा न येता त्यात घुसेल, हे मी अनेक घरांकडून ऐकलंय.

थोडक्यात, दिवसाचे दोन दिवस करायचे आणि मध्ये अंथरूण. हे करायचं तर मुक्काम शहराच्या मध्यभागी हवा. खोलीवर परतायला पाऊण तास लागत असेल तर दुपारची झोप कागदावरच राहते. म्हणून मी हॉटेलचा एक तारा कमी करायला सांगेन, पण मध्यवर्ती जागा सोडू देणार नाही. लिफ्ट आहे ना, हे सासूबाईंसाठी लेखी विचारून घ्या. जुन्या इमारतींत ती गृहीत धरता येत नाही.

आता शहरं. बार्सिलोनात चार रात्री, सेव्हिलमध्ये चार, माद्रिदमध्ये तीन. विमान बार्सिलोनाला उतरणारं आणि माद्रिदहून परत येणारं एकाच तिकिटावर घ्या. दुबई, दोहा किंवा इस्तंबूलमार्गे हे सहज जमतं आणि उलट प्रवासाचा एक दिवस वाचतो.

इबिझा काढून टाका. ते उन्हाळ्याचं बेट आहे, नोव्हेंबरात तिथली बरीच हॉटेलं मिटलेली असतात. वालेन्सिया मुलांसाठी खरं तर फार छान आहे. तिथलं ओशनोग्राफिक हे युरोपातलं सर्वांत मोठं मत्स्यालय मानतात. १९५७च्या पुरानंतर तुरिया नदीचा प्रवाह शहराबाहेर वळवला आणि जुन्या पात्रात बागा केल्या. तिथे आडव्या पडलेल्या प्रचंड गलिव्हरच्या अंगावरून पोरं घसरगुंडी खेळतात. तुम्हाला सोळा-सतरा दिवस असते तर मी ते घातलंच असतं. अकरा रात्रींत चौथं बिऱ्हाड नको.

ग्रानादा सोडा म्हणताना माझाही जीव तुटतो. तिथल्या अल्हाम्ब्रा या मुस्लिम राजांच्या जुन्या राजवाड्यात, सिंहांच्या चौकात, १२ संगमरवरी सिंह पाठीवर कारंजं घेऊन उभे आहेत आणि भोवती १२४ खांब. तिथे उभं राहिलं की बोलणं सुचत नाही. पण तिकीट नावावर असतं, पासपोर्ट दाखवावा लागतो. आतल्या मुख्य, नास्रिद महालांत शिरायची ठरलेली वेळ चुकली की तेवढा भाग गेलाच. महालांत बाबागाडी नेता येत नाही. परिसर चढ-उतारांचा आणि पसरलेला, नीट पाहायला तीन तास सहज लागतात. तीन वर्षांची मुलगी आणि दुखरे गुडघे यांच्यासह तो दिवस सगळ्यांसाठीच ओढाताणीचा होईल. धाकटी सहा-सात वर्षांची असती तर माझं उत्तर वेगळं असतं.

त्याऐवजी सेव्हिलचा राजवाडा, अल्काझार, मन लावून पाहा. राजा पहिला पेद्रो यानं १३६०च्या दशकात बांधलेल्या तिथल्या महालावर ग्रानादाहून आलेल्या कारागिरांनीही काम केलं. म्हणजे अल्हाम्ब्रातली ती गच्चाची जाळी, त्या रंगीत फरश्या यांचं सख्खं भावंड तुम्हाला इथे दिसतं. बागेत मोर फिरतात, झुडपांचा भुलभुलैया आहे आणि शहर सपाट असल्यानं बाबागाडी बिनघोर चालते.

सेव्हिलमधली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे कॅथीड्रलचा मनोरा, हिराल्दा. मुळात तो मशिदीचा मिनार. वर जायला पायऱ्यांऐवजी ३५ उतरणी आहेत. बांग देणाऱ्याला घोड्यावरून चढता यावं म्हणून तशा केल्या, असं सांगतात. प्रत्येक वळणावर भिंतीत आकडा लिहिलेला आहे. माझी मुलगी एकेक आकडा मोठ्यानं वाचत, मध्ये खिडकीत टेकून खालची संत्र्याची झाडं बघत, कुणी कडेवर न घेता वरपर्यंत गेली. शेवटच्या थोड्या पायऱ्या सोडल्या तर गुडघेदुखीवाल्यांनाही ती चढण हळूहळू जमते. सासूबाईंना नको वाटलं तर खाली संत्र्यांच्या अंगणात बाक आहेत. रस्त्यावरची संत्री मात्र मुलांना तोडू देऊ नका, ती कडू जातीची असतात. १९२९च्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या प्लासा दे एस्पान्या या चौकातल्या छोट्या कालव्यात होड्या वल्हवता येतात. एक अख्खी संध्याकाळ तिथे आणि शेजारच्या मारिया लुइसा बागेत घालवा.

बार्सिलोनात साग्रादा फमीलिया या चर्चची सकाळची वेळ धरा, आणि हे केवळ गर्दीसाठी म्हणत नाही. पूर्वेकडच्या काचा निळ्या-हिरव्या आहेत, पश्चिमेच्या तांबड्या-केशरी. हिवाळ्याकडे झुकलेला सूर्य खालून येतो, त्यामुळे सकाळी आतले खांब पाण्याखालच्या झाडांसारखे दिसतात. १८८२ साली सुरू झालेलं हे काम दुसऱ्या वर्षी वास्तुकार गौदीनं हाती घेतलं आणि १९२६ साली तो गेला तरी बांधकाम चालूच राहिलं; आजोबांनी सुरू केलेलं घर नातवंडं बांधतायत असं मुलाला सांगा, त्याला लगेच कळेल. ११ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत, पण त्यांचंही तिकीट काढावं लागतं. मनोऱ्यांवर सहा वर्षांखालच्यांना नेत नाहीत, तेव्हा मोठ्याला घेऊन एकानं जायचं आणि बाकीच्यांनी खाली थांबायचं. दुसऱ्या दिवशी कोस्मोकाइशा हे विज्ञान संग्रहालय. आत काचेमागे ॲमेझॉनच्या पूर आलेल्या जंगलाचा तुकडा उभा केलाय, मासे वरून आणि खालून दोन्हीकडून दिसतात. पाऊस आला तर हेच पुढे ओढा. रस्त्याच्या कोपऱ्यांवर या दिवसांत भाजलेल्या चेस्टनटच्या आणि रताळ्यांच्या टपऱ्या लागतात. परक्या गावात कागदाच्या पुडीत गरम रताळं मिळालं की आजी-नात दोघींचा चेहरा खुलतो.

माद्रिदमध्ये रेतिरो बाग हा मुलांचा खरा मुक्काम समजा. तळ्यात होड्या, मोकळी माती, खेळायच्या जागा. प्रादो संग्रहालय १८ वर्षांखालच्यांना मोफत आहे. तिथे सगळं बघायचा हट्ट धरू नका. वेलास्केसचं १६५६चं चित्र ‘लास मेनिनास’ गाठा: मधोमध पाच वर्षांची राजकन्या, पुढे पेंगुळलेला कुत्रा आणि त्याला पायानं डिवचणारा पोरगा. माझी मुलगी त्या चित्रापुढे वीस मिनिटं बसली होती. एक दिवस सेगोव्हियाला जा, वेगवान रेल्वेनं अर्ध्या तासाच्या आत पोचता. स्टेशन गावाबाहेर आहे, तिथून बस मिळते. चुना-माती न वापरता नुसत्या दगडांवर दगड रचून रोमन लोकांनी उभा केलेला जलसेतू सुमारे २८ मीटर उंच आहे आणि तो पाहायला तिकीट नाही की रांग नाही. तोलेदोही जवळच, पण तिथले गोट्यांचे चढ बाबागाडीला आणि गुडघ्यांना त्रासाचे, म्हणून मी सेगोव्हिया निवडते.

गाडी की रेल्वे, याचं उत्तर या तीन शहरांसाठी सरळ आहे: रेल्वे. मोठ्या शहरांत प्रदूषणामुळे गाड्यांवर निर्बंध आहेत, जुन्या पेठांत पार्किंगची मारामार. १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना मागच्या सीटवर बालआसनातच बसवावं लागतं, म्हणजे तुम्हाला दोन आसनं लागली असती. शहरातल्या शहरात टॅक्सीला यातून सूट आहे, मुलं मागे बसली की झालं. विमानतळासाठी गाडी ठरवताना मात्र आसन आधीच मागून घ्या. खेडोपाडी, डोंगरात हिंडायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे गाडीशिवाय गंमत नाही.

सेव्हिल ते माद्रिद रेल्वेनं अडीच तासांच्या आसपास. वाटेत कोर्दोबाला उतरून मशीद-कॅथीड्रलचे तांबड्या-पांढऱ्या कमानींचे खांब दाखवायचा मोह होईल. सामान ठेवायची सोय आधी नक्की झाली आणि मुलं ताजी असली तरच उतरा. बार्सिलोना ते सेव्हिल थेट रेल्वेला साडेपाच-सहा तास लागतात आणि विमानाला पावणेदोन. विमानतळाची ये-जा धरली की हिशोब जवळजवळ सारखाच होतो, म्हणून मी रेल्वे घेते: मुलांना डब्यात चालता येतं, पाण्याची बाटली कुणी काढून घेत नाही. मध्ये टेबल असलेल्या समोरासमोरच्या चार जागा आधी मिळवा. वेगवान गाड्यांच्या स्टेशनांवर सामान मशीनमधून जातं आणि गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं, म्हणून पाऊण तास आधी पोचा. माद्रिदमध्ये आतोचा आणि चामार्तीन अशी दोन मोठी स्टेशनं आहेत, तिकिटावरचं नाव वाचून टॅक्सीत बसा.

पावसाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. शरद ऋतूत भूमध्य किनाऱ्यावर कधीकधी काही तासांत भयंकर पाऊस कोसळतो. २९ ऑक्टोबर २०२४ला वालेन्सिया भागात आलेल्या पुरात दोनशेहून जास्त माणसं गेली आणि माद्रिद-वालेन्सिया वेगवान रेल्वे पंधरवडाभर बंद होती. दरवर्षी असं होत नाही, घाबरून सहल रद्द करायचं कारण नाही. पण तिथलं हवामान खातं, आएमेत, पिवळा, नारिंगी आणि लाल असे इशारे देतं ते रोज बघा. लाल इशारा असला तर त्या दिवशी कुठेही निघायचं नाही, नदी-नाल्याकडे आणि तळघरातल्या पार्किंगकडे तर मुळीच नाही. म्हणून प्रत्येक शहरात अर्धा दिवस मी रिकामा सोडते. एरवी नोव्हेंबरात सेव्हिलला दुपारी विशीच्या आसपास, बार्सिलोनात सतरा-अठरा आणि माद्रिदमध्ये तेरा-चौदा अंश, रात्री पाच-सहा. जाड कोटापेक्षा एकावर एक घालता येतील असे कपडे आणि टोपीवाला रेनकोट बरा. बाबागाडीचं प्लॅस्टिकचं पांघरूण विसरू नका.

शाकाहाराबाबत एक धडा. आम्ही ‘सिन कार्ने’, म्हणजे मांस नको, असं सांगितलं आणि सॅलडवर टूना मासा आला. तिथे मांस म्हटलं की बऱ्याच जणांच्या मनात मासा येत नाही आणि हॅमचे तुकडेसुद्धा कधी येत नाहीत. म्हणून चारही शब्द सांगा: सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून, सिन पेस्कादो. मसुराच्या आमटीत सॉसेज आणि क्रोकेता नावाच्या तळलेल्या गोळ्यांत हॅम बहुधा असतोच. पण उपाशी राहाल असं मुळीच नाही. बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट, तोर्तिया, सगळीकडे मिळतं. सेव्हिलची पालक-छोल्यांची भाजी मागवा, त्यात जिरं असतं आणि ती चवीला परकी वाटत नाही. वांग्याचे काप तळून वर काकवीसारखा पाक घातलेले मिळतात. आणि आरोस कोन लेचे म्हणजे दालचिनी घातलेली गार तांदळाची खीर. साधं दही कुठल्याही सुपरमार्केटात, तेव्हा दहीभाताची चिंता नको.

औषधांचं लक्षपूर्वक वाचा. तिथे मुलांचं पातळ पॅरासिटामॉल साधारण एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम या तीव्रतेचं मिळतं. आपल्याकडच्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२० किंवा २५० असतं. घरच्या सवयीनं चमचा भरून दिला तर डोस कितीतरी पट होईल. आपलं औषध आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर न्या. तिथे घ्यावंच लागलं तर हिरव्या क्रॉसच्या दुकानात मुलीचं वजन सांगून मात्रा लिहून घ्या. तातडीचा क्रमांक ११२.

व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. दिवाळीच्या गर्दीमुळे जुलै-ऑगस्टमध्येच वेळ मिळवा. मुलांच्या अर्जावर आई-वडील दोघांच्या सह्या, जन्मदाखले, शाळेचं बोनाफाईड तयार ठेवा. विम्याची रक्कम किमान ३०,००० युरो हवी. सहा वर्षांखालच्यांना व्हिसा शुल्क नाही. पैसे भरायचा क्रम माझा असा: विमान आणि रद्द करता येणारे मुक्काम, मग व्हिसा, मग रेल्वे, आणि शेवटी साग्रादा व अल्काझारची वेळेची तिकिटं.

तुमच्या तारखांत यंदाचं लक्ष्मीपूजन, ८ नोव्हेंबर, बार्सिलोनात येतं आणि तो रविवार आहे. रविवारी तिथली बरीच सुपरमार्केटं बंद असतात, म्हणून फुलं, फळं, दूध शनिवारीच आणा. फराळ नेताना खवा, तूप, पनीर, पेढे नकोत. युरोपात दुग्धजन्य पदार्थ प्रवाशांना आणू देत नाहीत. चिवडा, चकली खुशाल न्या. भाड्याच्या घरात धूर ओळखणारी यंत्रं असू शकतात, तेव्हा तेलाच्या पणतीऐवजी सेलवरच्या पणत्या न्या. त्या दिवशी दुपारनंतर काहीच ठरवू नका. सहा वाजता अंधार पडलेला असेल, मुलं अजून जागी असतील, आणि सासूबाईंना पूजेला निवांत वेळ मिळेल.